मनू, ल्योंच्या खानावळीत जाशील तेव्हा

मनू,

परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, ल्योंला मी आपली खोलीवरच वरणभात लावीन. ते बिस्त्रो-फिस्त्रो आपल्याला नाही जमायचं." आई शेजारीच बसली होती, म्हणून तेव्हा विषय वाढवला नाही. आता मोकळेपणी सांगते. वरणभात खुशाल लाव. कुकर ने, काळा मसाला ने, शेंगदाण्याची चटणी तर नेच. पण पहिल्या महिन्यातच खोलीपासून चालत जाता येईल अशा एखाद्या बिस्त्रोत जाऊन जेवायचं, आणि तेही एकटीनं. चैन म्हणून सांगत नाहीये. त्या देशात माणसं जेवणाच्या टेबलावर भेटतात. जिन्यात भेटली तर मान हलवून निघून जातील, वर्गात वहीपुरतं बोलतील. पण तीच माणसं ताटासमोर बसली की तासभर तोंड मिटत नाहीत. तू टेबलापासून लांब राहिलीस तर दोन वर्षं तिथं राहून पदवी आणशील, माणूस एकही आणणार नाहीस.

तुझ्या डोळ्यांपुढे काय उभं राहतं ते मला पाठ आहे. झुंबरं, इस्त्रीचे रुमाल, चार प्रकारचे काटे आणि मिशीवाला वेटर तुझ्या चपलांकडे बघतोय. तशी हॉटेलं आहेत, ल्योंमध्ये तर भरपूर आहेत; त्यांच्या वाटेला आपल्याला जायचंच नाही. बिस्त्रो म्हणजे मेस. हसू नकोस. मुसळगाव आणि माळेगावच्या एमआयडीसीत पाळ्या करणारी, खोली करून राहिलेली पोरं जेवतात ना, तशी मेस. काकूंकडे भाजी एक, फार तर दोन. काय आहे ते काकू सांगणार, आपण विचारायचं नाही. वांगं आवडत नाही म्हणून नाक मुरडलं तर काकू दुसरं काही टाकणार नाहीत, पण रोजच्या पोराला ताप असला तर न मागता मऊ भात समोर येतो. बिस्त्रोत टेबलं अशीच एकमेकांना खेटलेली, जाताना पोट आत ओढून जावं लागतं. शेजारच्यांचं बाळंतपण, घटस्फोट आणि फुटबॉल सगळं तुझ्या कानावर पडणार. भिंतीवर खडूनं लिहिलेली पाटी. गल्ल्यामागे एक बाई किंवा बुवा, ज्यांना निम्मी गल्ली नावानं माहीत. फरक म्हणशील तर तिथं टेबलावर वाइन असते आणि मेसमध्ये कांदा-लिंबू.

आणि हे मी ओढूनताणून जुळवत नाहीये, बिस्त्रो जन्मलाच तसा. पॅरिसमधले कितीतरी बिस्त्रो ऑव्हेर्न्य नावाच्या डोंगराळ, गरीब मुलखातून पोटासाठी आलेल्या माणसांनी काढले. एकोणिसाव्या शतकात ही मंडळी पॅरिसच्या जिन्यांवरून आधी पाणी आणि मग कोळसा वाहायची. पुढे दुकान टाकलं. एका बाजूला कोळशाची पोती, दुसऱ्या बाजूला वाइनचे पेले, आणि मागे बायको चुलीवर काहीतरी शिजवतेय. गिऱ्हाईकही त्यांच्यासारखंच, दमलेलं आणि भुकेलं.

तू जातेयस त्या ल्योंची गोष्ट तर आपल्या जिल्ह्याला आणखी जवळची आहे. ते रेशमाचं गाव. येवल्यात ज्याला जेकार्ड म्हणतात ना, साडीवर नक्षी उठवायला वापरतात ते, तो जाकार ल्योंचाच माणूस. १८०४ साली त्यानं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग काढला. तो माग इतका उंच की शहरातल्या क्रुआ-रूस नावाच्या टेकडीवर विणकरांची घरं चार-चार मीटर उंच छताची बांधावी लागली. आज त्या घरांना काय भाव आहे ते विचारू नकोस. पण तेव्हा तिथं राहणारे विणकर, त्यांना तिकडं कान्यू म्हणतात, कंगाल होते. मजुरीच्या दरासाठी त्यांनी १८३१ मध्ये आणि पुन्हा १८३४ मध्ये उठाव केला, सैन्य आणून तो मोडला गेला. हे लोक पहाटेपासून मागावर असायचे आणि सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला भरपेट खायचे. भरपेट म्हणजे काय, तर चांगलं मांस श्रीमंतांच्या घरी गेल्यावर उरायचं ते. वजडी, आतडी, खूर, डोकं. ल्योंच्या बिस्त्रोंना बुशों म्हणतात, आणि त्या बुशोंच्या पाटीवर आज जे पदार्थ बघून पर्यटक मान डोलावतात, ते मुळात या लोकांचं नाइलाजाचं खाणं आहे.

आणि चुलीवर कोण होतं? बाया. हा भाग मला सगळ्यात आवडतो, म्हणून जरा थांबून सांगते. ल्योंच्या श्रीमंत घरांत स्वयंपाकाला असलेल्या बायकांनी हळूहळू स्वतःच्या खानावळी काढल्या. लोक त्यांना 'मेर' म्हणायचे, म्हणजे आई. आपण मावशी, काकू म्हणतो तसं. त्यातली युजेनी ब्राझिये. जन्म १८९५, खेड्यातली, लहानपणी डुकरं राखायची. एकोणिसाव्या वर्षी लग्नाशिवाय मूल झालं आणि बापानं घराबाहेर काढलं. पोरगं दुसरीकडे सांभाळायला ठेवून ती ल्योंला मोलकरीण म्हणून आली, तिथं स्वयंपाक शिकली, फिय्यू नावाच्या नावाजलेल्या 'मेर'च्या हाताखाली राबली आणि १९२१ मध्ये ऱ्यू रोयाल या रस्त्यावर स्वतःची खानावळ टाकली. बारा वर्षांनी, १९३३ साली, मिशलँनं तिच्या तोवर दोन झालेल्या खानावळींना तीन-तीन तारे दिले. मिशलँ म्हणजे टायरवाली कंपनी बरं का, तिच्याच मार्गदर्शिकेत हे तारे मिळतात. तीन तारे मिळवणाऱ्या पहिल्या बायकांत ती, आणि एका वेळी सहा तारे असणारी तर ती पहिलीच. पुरुषांतही तेव्हा कुणाकडे नव्हते. ज्याच्या नावानं ल्योंमधला तो मोठा बाजार आहे, तो पॉल बोक्यूझ उमेदवारी करायला तिच्याच स्वयंपाकघरात होता. ऱ्यू रोयालवरची ती जागा अजून चालू आहे, पण आता तिथं आपली ऐपत नाही. बाहेरून बघून ये.

मला हे वाचताना गिरणगाव आठवतं. मुंबईच्या गिरणीकामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया, ज्यांचा हिशेब पगाराच्या दिवसापर्यंत उधारीवर आणि किराणा सावकाराच्या व्याजावर. प्रेमा पुरव यांनी त्यांना १९७५ मध्ये एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. त्यांना तारे कुणी दिले नाहीत. एवढं एकच दुःख आहे बघ, बाकी हात तोच आणि धगही तीच. म्हणून म्हणते, बिस्त्रोच्या दारात पाऊल अडखळलं तर आठव की आत जे चाललंय ते कुणा सरदाराचं नाही, राबणाऱ्यांचं आहे. तिथं बसायचा तुझा हक्क इतर कुणाइतकाच.

आता कामाचं.

दारातून आत शिरलीस की पहिला शब्द 'बोंजूर'. संध्याकाळ असेल तर 'बोंसुआर'. टेबल रिकामं आहे का, मेनू मिळेल का, यातलं काहीही त्याच्या आधी नाही. आपल्याकडे हॉटेलात शिरताना कुणी नमस्कार करत नाही. सरळ खुर्ची ओढतो, "काय गरम आहे?" विचारतो, आणि त्यात उर्मटपणा नसतो. तिथं तो होतो. परदेशी लोक फ्रेंच वेटर तुसडा म्हणून बोंबलतात ना, त्यातली निम्मी भांडणं या एका शब्दापायी असतात असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला नोकरासारखं हाक मारलेलं खपत नाही. चुटकी वाजवायची नाही, 'गार्सों' असं सिनेमातल्यासारखं ओरडायचं नाही. नजर मिळाली की हात जरासा वर, बस. बाई असेल तर 'मादाम', बाप्या असेल तर 'मस्यू', आणि कितीही जवळीक झाली तरी आधी अहो-जाहो. बाकी फ्रेंच मोडकंतोडकं चालतं. उलट मोडकं बोललीस तर ते सुधारून देतील. चिडून नाही, तो त्यांचा छंद आहे.

खुर्ची मात्र आपली आपण ओढायची नाही. उभं राहायचं, "एकटीच आहे" म्हणायचं, ते दाखवतील तिथं बसायचं. एकटी बाई जेवायला आली म्हणून तिथं कुणी मान वळवत नाही. सिन्नरच्या स्टँडवर एकटी मुलगी हॉटेलात बसली तर तिला फॅमिली रूमचा पडदा दाखवतात. ती सवय तुझ्या अंगात आहे, माझ्याही होती. पडद्यामागची जागा शोधू नकोस. उलट दुपारी गर्दी असेल तर गल्ल्याशेजारच्या उंच स्टुलावर बस. ती जागा एकट्यांचीच, आणि गप्पा तिथंच होतात.

वेळ सांभाळ. दुपारचं जेवण बारा ते दोन. पावणेदोनला धापा टाकत गेलीस तर "स्वयंपाकघर बंद" ऐकशील, आणि मग संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत चूल पेटत नाही. ढाब्यावर चार वाजता शेवभाजी मिळते तसं तिथं नाही. रविवारी, सोमवारी पुष्कळ ठिकाणं बंद. पहिल्यांदा जायचं तर आठवड्यातली एखादी दुपार निवड, कारण दुपारी ठरलेल्या किमतीत दोन किंवा तीन पदार्थ मिळतात, त्याला 'फॉर्म्युल' म्हणतात. साधारण सोळा ते बावीस युरो धर. युरो शंभरीच्या आसपास आहे, म्हणजे गुणाकार करू नकोस, घास घशाखाली उतरणार नाही. रोज असं जेवता येणार नाहीच. रोजच्यासाठी विद्यापीठाचं क्रूस नावाचं भोजनालय आहे, सरकारी मदतीवर चालणारं. मी तिथं होते तेव्हा तीन युरो तीस सेंटमध्ये पोटभर मिळायचं. बिस्त्रो महिन्यातून दोनदा ठेव, पण ठेव.

पाणी विकत घेऊ नकोस. वेटर विचारेल, साधं की बुडबुड्यांचं. दोन्ही बाटलीतलं आणि दोन्हीचे पैसे. तू म्हण, 'काराफ द'ओ'. नळाचं पाणी सुरईत भरून आणून देतात, फुकट. २०२२ पासून तर फुकट पाणी मिळतं हे मेनूवर किंवा पाटीवर लिहून ठेवणं तिथं कायद्यानंच सक्तीचं आहे, तेव्हा मागताना लाजायचं काही कारण नाही. पावही फुकट, संपला की पुन्हा मागता येतो. पाव ताटात नाही, टेबलावरच ठेवतात. मला अजून ते बघवत नाही, पण ठेवते. आणि शेवटी ताटातला रस्सा पावानं पुसून खाल्लेला बिस्त्रोत चालतो, म्हणजे आपला जीव शांत होतो.

आता तो खरा प्रश्न, जो आजीनं तुझ्या आडून मला विचारला. "तिथं तसलं सगळं एकाच कढईत करतात का गं?" करतात. आजीला मी खोटं सांगितलं नाही, तूही सांगू नकोस. निवृत्तिनाथांची पालखी सिन्नरला आली की पंगत वाढणारं घर आपलं, आजीनं दातलीचं रिंगण कधी चुकवलेलं नाही, तिला हे लागणारच. तू अंडं खातेस, त्यामुळे तुझं बरंच भागेल. पण 'व्हेजेतारिएन' एवढं म्हणून गप्प बसू नकोस. मासा हा भाजीत जमा करणारी माणसं तिथं अजून आहेत, आणि सॅलडवर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, ज्यांना लार्दों म्हणतात, ते पेरले तर त्यांना ते मांस वाटत नाही, चव वाटते. तेव्हा सुटंसुटं सांग: 'साँ व्हियांद, साँ पुआसों, साँ लार्दों'. मांस नको, मासा नको, लार्दों नकोत. कांद्याचं सूप बघून लासलगावची आठवण होईल आणि हात शिवशिवतील, पण ते सूप बहुतेक ठिकाणी गाईच्या हाडांच्या पाण्यात शिजतं, आधी विचार. चीज कडक पाळायचं असेल तर तेही अवघड, कारण जुन्या पद्धतीच्या चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं. काही गोड पदार्थांत जिलेटिन असतं. कुठवर पाळायचं ते तुझं तू ठरव. मी ठरवलं ते तुझ्यावर लादणार नाही. फक्त जे ठरवशील ते तिथं बसून नाही, इथून निघायच्या आधी ठरव. भुकेल्या पोटी घेतलेला निर्णय नंतर टोचत राहतो.

तुला चालेल असं काय, ते ऐक. ल्योंचा 'सर्व्हेल द कान्यू'. नाव ऐकून पळू नकोस. नाव आहे विणकराचा मेंदू, पण आत मांसाचा कण नाही. मांस न परवडणाऱ्या विणकरांची ही थट्टा. ताज्या चक्क्यात लसूण, बारीक कांदा, हिरवी पात, मिरपूड, थोडं तेल आणि व्हिनेगर. पावाला लावून खा, जिभेला घरचं वाटेल. 'ग्रातँ दोफिनुआ' म्हणजे दूध-साईत भट्टीत भाजलेल्या बटाट्याच्या चकत्या. बहुधा मांसाबरोबर येतो, पण नुसता मागितला तर देतात. 'केनेल नातूर' मिळाली तर घे, रवा, लोणी आणि अंड्याची, फुगून येते. पण केनेल बहुतेकदा माशाची असते, म्हणून 'नातूर' या शब्दावर जोर दे आणि वरचा सॉस कशाचा तेही विचार, तो पुष्कळदा झिंग्यासारख्या प्राण्याचा असतो. साधं उकडलेलं अंडं आणि वर घरचं मेयोनेज, हा तर बिस्त्रोतला सगळ्यात गरीब आणि सगळ्यात लाडका पदार्थ. त्याच्या रक्षणासाठी फ्रान्समध्ये चक्क संघटना आहे. आणि शेवटी गुलाबी साखरबदामांची टार्ट, ल्योंची खासियत. रंग आपल्या जत्रेतल्या मिठाईसारखा भडक आहे, तिथल्या नाजूक मिठायांत ती बघून मला फार बरं वाटतं.

आणि कधी मन झालंच, मैत्रिणीच्या ताटातलं चाखावं वाटलं, तर आजीला कळवायला मी जाणार नाही. पण तीन नावं लक्षात ठेव. 'अंदुयेत' हा साधा सॉसेज दिसतो, तो डुकराच्या आतड्यांचा असतो आणि त्याचा वास ताटाच्या आधी येतो. आणि 'री द व्हो' वाचून भात समजू नकोस, ती वासराची ग्रंथी आहे. तार्तार लिहिलेलं असेल तर मांस कच्चं.

सगळं ताज्यातलंच असतं असंही समजू नकोस. गोठवलेल्या पिशव्या गरम करून वाढणारी ठिकाणं तिथंही आहेतच. २०१४ पासून एक खूण आहे, कढईवर घराचं छप्पर झाकण म्हणून. ती पदार्थासमोर असेल तर तो तिथंच केलेला. खऱ्या बुशोंच्या दारावरही एक पाटी मिळते, तिच्यावर न्याफ्रों नावाचा कठपुतळीतला दारुडा पेला घेऊन असतो. पण मला विचारशील तर पाट्यांपेक्षा गिऱ्हाईक बघावं. जुन्या ल्योंच्या देखण्या गल्लीत दारात उभं राहून चार भाषांत बोलावणारा माणूस दिसला की पुढं चालू लाग. दुपारी साडेबाराला जिथं रंगकाम करणारे, बँकेतले आणि एखादी कुत्रं घेऊन आलेली म्हातारी एकाच ओळीत बसलेत, तिथं शीर. अशी ठिकाणं कमी होत चाललीत. १९६०च्या सुमाराला फ्रान्समध्ये कॅफे आणि बिस्त्रो मिळून दोन लाख होते म्हणतात, आता चाळीस हजारांच्या आतबाहेर उरलेत. गावातला शेवटचा बिस्त्रो बंद झाला की ते लोक शाळा बंद पडल्यासारखे हळहळतात.

वाइन घ्यायलाच हवी का? नाही. कुणी आग्रह करत नाही, आणि केला तर एकदाच 'नाँ, मेर्सी' म्हणून हसायचं, कारणं द्यायची नाहीत. कारण दिलं की वाद सुरू होतो. घ्यायची असेल तर पेलाभर, जेवणाबरोबर, सावकाश. ल्योंमध्ये जाड बुडाच्या छोट्या बाटलीतून घरगुती वाइन येते, तिला 'पो' म्हणतात, त्यात शेहेचाळीस सेंटिलिटर मावतं, एकटीला ते फार होतं. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी शेजारच्या बोजोले भागातली नवी वाइन फुटते, त्या रात्री बिस्त्रोत पाय ठेवायला जागा नसते. गंमत बघायला जा, पण मैत्रिणीबरोबर, आणि शेवटची मेट्रो बघून ठेवून. वाइन न पिताही वाइनवर बोलायला तुझ्याकडे खूप आहे, हे विसरू नकोस. कुठली गं तू, असं कुणी विचारलं तर नुसतं 'इंडिया' म्हणून थांबू नकोस. सांग, आमच्या जिल्ह्यात द्राक्षं होतात, सुलाची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली, आणि तुमच्याच शाँदों कंपनीची वाइनरी आमच्या दिंडोरीला आहे, २०१३ पासून फेसाळणारी वाइन करतात. त्याच्याही आधी, ऐंशीच्या दशकात, सिन्नरहून पुण्याला जाताना लागतं त्या नारायणगावला शॅम्पेन भागातल्या तज्ज्ञांची मदत घेऊन तशी वाइन होत होती. टेबलावरचे चेहरे बघ मग. बुलढाण्यातला माणूस विदर्भाबाहेर भेटल्यावर जसा खुर्ची जवळ ओढतो, तशी खुर्ची ओढतात.

जेवण संपलं तरी बिल येत नाही. विसरले म्हणून चुळबुळ करू नकोस. न मागता बिल आणणं म्हणजे "उठा आता" म्हणणं, असं ते मानतात. काटा-सुरी ताटात शेजारी-शेजारी ठेवलीस की संपलं असं समजतात. मग कॉफी, तीही जेवणानंतर आणि बिनदुधाची. दुपारी जेवणानंतर दुधाची कॉफी मागितलीस तर देतील, पण वेटरच्या भुवया वर जातील. मला दुधाशिवाय जात नाही, मी भुवया बघते आणि पिते. निघायचं झालं की 'लादिसिओं, सिल व्हू प्ले'. सेवेचे पंधरा टक्के किमतीत आधीच धरलेले असतात, त्यामुळे टिप द्यायलाच हवी असं नाही. बरं वाटलं तर युरो-दोन युरो टेबलावर ठेव. ताटात उरलं असेल तर बांधून मागता येतं. २०२१ पासून मागितलं तर डबा द्यावाच लागतो. पण मागणारे अजून कमी, तू पहिली असशील तर अस.

एक मात्र करू नकोस. जेवण फिकं लागेल, लागणारच, तरी पर्समधून चटणीची पुडी काढू नकोस, निदान पहिल्या दोन-तीन खेपांना. मिठाची दाणीसुद्धा न चाखता उचललेली आवडत नाही त्यांना. मोहरी माग, 'मुतार्द'. ती नाकात जाते, डोळ्यांत पाणी आणते. आपलं भागतं.

आणि दर खेपेला नवी जागा शोधत फिरू नकोस. ल्योंमध्ये खाण्याच्या शेकडो जागा आहेत, फोनवर सगळ्यांना तारे आहेत, आणि तुझ्या वयाच्या मुली यादी करून एकेक खोडत जातात. तू एकच धर. त्याच वाराला, त्याच वेळी जा. दुसऱ्या खेपेला वेटर मान हलवेल, तिसऱ्याला कदाचित टेबल दाखवायच्या आधी विचारेल, आज लार्दोंशिवाय सॅलड करायला सांगू का म्हणून. मला तिथं घरमालकाच्या तक्रारीपासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळं बिस्त्रोतल्या मादामनं सांगितलंय, ऑफिसातल्या लोकांनी नाही. आजारी पडून दोन आठवडे दिसली नाहीस तर विचारणारं एक माणूस त्या गावात हवं ना तुला. आई इथून फोन करेलच, पण फोनला दार ठोठावता येत नाही.

राहिले पैसे. वर्गातली मंडळी मिळून गेलात तर ज्याचं त्यानं द्यायचं, तुझ्यापुढचं बिल तू भर. "राहू दे, मी देते" म्हणून पाकीट ओढाओढी करायची नाही. त्यांना ती ओढाओढी खरी वाटते आणि ते खरंच तुला देऊ देतात. सहा जणांचं बिल भरून महिनाभर खिचडीवर राहावं लागेल. पण कुणी 'ज तँव्हित' म्हणालं तर ते देणार असं समज, आणि मग मेनूवरचं सगळ्यात महाग मागवू नकोस. पुढच्या वेळी खोलीवर बोलाव आणि पिठलं-भाकरी कर. बाजरीचं पीठ मी पाठवते, पण कस्टममध्ये विचारलं तर काय सांगायचं ते आधी ठरवून घेऊ.

तुझी,
ताई